जिद्दीचं कौतुक पुरे

कुठल्याही साहित्यिक कार्यक्रमात माझी ओळख करून देताना निवेदक एक वाक्य हमखास म्हणतात, ‘अपंगत्व असूनही, बँकेची नोकरी असूनही, दोन मुलांचा संसार असूनही बाईंनी सहा कादंबऱ्या लिहिल्या.’ टाळ्या पडतात. पुढे कादंबऱ्यांविषयी कुणी फारसं बोलत नाही, कारण ‘असूनही’ या शब्दाने सगळं काम करून टाकलेलं असतं. मग प्रश्नोत्तरं सुरू होतात आणि पहिला प्रश्न येतो, ‘एवढी जिद्द तुम्ही आणली कुठून?’

विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो, याविषयी मला शंका नाही. आणि कौतुक कुणाला नको असतं? परंतु अलीकडे मला काही पत्रं येतात, फोन येतात, तेव्हा या कौतुकाची भीती वाटू लागते. ‘आमची मुलगी अपंग आहे. बारावी झाली. आता घरीच असते. छान लिहिते. तुमचं उदाहरण आम्ही तिला रोज देतो. तिला लेखनाचं मार्गदर्शन करा.’ शब्द थोडेफार बदलतात, मजकूर हाच. ‘घरीच असते’ आणि ‘छान लिहिते’ ही दोन वाक्यं शेजारी शेजारी येतात, तिथे मी अडखळते. बाहेर जाणं अवघड, तेव्हा घरबसल्या लिहू दे, हा विचार त्यामागे असतो. लेखन हे जणू घरात बसलेल्याला मिळालेलं विरंगुळ्याचं काम! आणि जिद्द असली की बाकी सगळं आपोआप होतं, असा दिलासा माझ्यासारखीच्या उदाहरणातून या आईवडिलांना मिळत असतो. तो खोटा आहे. म्हणून आज हिशेब मांडायचा आहे. बँकेत अडतीस वर्षं काढलेल्या बाईला जमा-खर्च मांडल्याशिवाय चैन पडत नाही, असं समजा हवं तर.

माझा जन्म 1960 चा. दोन वर्षांची असताना ताप आला आणि उजवा पाय गेला. आमच्या पिढीत दर गल्लीत असं एखादं मूल असे. पोलिओची लस तोवर जगात निघाली होती, पण ती आमच्या तालुक्याच्या गावापर्यंत पोचलेली नव्हती. पुढे 1995 मध्ये देशभर पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली, जानेवारी 2011 मध्ये पश्चिम बंगालमधल्या हावड्याला शेवटचा रुग्ण सापडला आणि 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं. माझ्या मुलांना मी स्वतः ते दोन थेंब पाजून आणले आहेत. दारोदार फिरणाऱ्या त्या आरोग्यसेविकांनी जे केलं, त्यापुढे माझ्या सहा कादंबऱ्या काहीच नव्हेत.

तर जिद्द. लहानपणी ती मला औषधासारखी पाजली गेली. ‘थांबू नकोस, चालत राहा.’ ‘रडायचं नाही.’ ‘कुणाची मदत घ्यायची नाही.’ कॅलिपर लावून, काखेत कुबडी घेऊन मी शाळेचे दोन मजले दिवसातून चार वेळा चढत उतरत असे आणि शिक्षक इतर मुलांना माझं उदाहरण देत असत. आता वैद्यकशास्त्र काय सांगतं, ते पाहा. पोलिओचा विषाणू पाठीच्या कण्यातल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मारतो. ज्या वाचतात, त्या आपल्या तंतूंना नवे फाटे फोडून मेलेल्या पेशींच्या वाट्याचे स्नायूही सांभाळू लागतात. चार कारकुनांची शाखा दोघांनी चालवावी, तसं हे. तीस-चाळीस वर्षं त्या हे ओझं वाहतात आणि मग थकतात. चांगले राहिलेले स्नायू नव्याने दुबळे होऊ लागतात, थकवा येतो, सांधे दुखतात. ‘पोस्ट-पोलिओ सिंड्रोम’ असं त्याला नाव आहे. मला तो पन्नाशीत गाठला. त्यावर डॉक्टर पहिला सल्ला देतात तो दमण्याच्या आधी थांबण्याचा. मदत घ्या, शक्ती राखून वापरा, जिना टाळा, गरज पडली तर चाकाची खुर्ची वापरा. म्हणजे जी शिकवण पाठ करून मी मोठी झाले, नेमकी तीच विसरायला सांगतात. 

हे सगळं मी माझं दुखणं सांगण्यासाठी लिहीत नाही. जिद्द हा अमर्याद साठा आहे, माणसाने मनात आणलं की त्यातून हवं तेवढं काढता येतं, ही आपली समजूत शरीरालाच मान्य नाही, एवढं दाखवायचं होतं. जिद्दीलाही शिल्लक असते आणि तीही संपते. मग प्रश्न उरतो तो असा, की ती खर्च कुठे करायची? जिना चढण्यात, की कादंबरीत?

दुसरी बाब नोकरीची. 1982 मध्ये, अपंगांसाठीच्या राखीव जागेवर, परीक्षा देऊन मी बँकेत कारकून म्हणून लागले. ‘कोट्यातली’ हा शब्द पहिल्या आठवड्यातच कानावर आला. वर्षाअखेरीला माझा लेजर पहिल्या फटक्यात जुळला, तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी हसून म्हणाले, ‘वासरात लंगडी गाय शहाणी.’ त्यांच्या मनात काही नव्हतं, जिभेवर म्हण होती इतकंच. आपली भाषा अशी म्हणींनी भरलेली आहे आणि त्या म्हणी बोलताना समोर कोण बसलं आहे, हे पाहायची सवय तिला नाही. असो. त्या जागेने मला जे दिलं, ते मोजू जाता अशा म्हणी किरकोळ ठरतात. त्या काळी लेजर म्हणजे चांगलं पाच-सात किलोचं बाड. ते उचलून टेबलावर आणून देणारा दफ्तरी शाखेत होता. बसून करायचं काम होतं. ठरलेल्या तारखेला पगार होता. आणि माझ्या नावाचं, माझ्या एकटीच्या सहीने चालणारं खातं होतं.

1995 च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठी तीन टक्के जागा राखल्या, 2016 च्या कायद्याने त्या चार टक्के केल्या. तरीही 2011 च्या जनगणनेत देशात जे 2 कोटी 68 लाख अपंग नोंदले गेले, त्यांतल्या बायकांपैकी जेमतेम 23 टक्के बायकांना काम होतं. पत्रांतल्या त्या मुलीची मला काळजी वाटते ती या आकड्यामुळे. तिला मी लेखनाचं काय मार्गदर्शन करू? माझ्या पहिल्या कादंबरीची हजार प्रतींची आवृत्ती संपायला नऊ वर्षं लागली. किंमत नव्वद रुपये, मानधन दहा टक्के. म्हणजे नऊ वर्षांत नऊ हजार. पुस्तक निघालं तेव्हाच्या माझ्या दीडेक महिन्याच्या पगाराएवढे. मराठीत कादंबरी लिहून घर चालवणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. ज्याला घर चालवता येत नाही, त्याने कादंबरी लिहून ते चालवावं, हा सल्ला धडधाकट माणसालाही कुणी देणार नाही. अपंग मुलीला मात्र सहज देतात.

2000 साली सरकारी बँकांमध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. लाखावर लोक त्यातून बाहेर पडले. मी तेव्हा चाळिशीत होते, अधिकारी झाले होते, तीन कादंबऱ्या नावावर होत्या. हितचिंतक म्हणू लागले, ‘घ्या की. पाय दुखतो, धावपळ होते. आता पूर्ण वेळ लिहा.’ मी घेतली नाही. मुलगी बारा वर्षांची, मुलगा आठ वर्षांचा, हे कारण होतंच. पण त्याहून मोठं कारण असं, की महिन्याच्या पगाराची चिंता कादंबरीवर टाकली की कादंबरी वाकते, हे मी आजूबाजूला पाहिलं होतं. टी. एस. एलियट 1917 पासून आठ वर्षं लंडनच्या लॉइड्स बँकेत होता. ‘द वेस्ट लँड’ ही त्याची जगप्रसिद्ध कविता 1922 मध्ये आली तेव्हाही तो तिथेच होता. मित्रांनी वर्गणी काढून त्याला बँकेतून सोडवायचा घाट घातला. तो सुटला नाही. 1925 मध्ये बाहेर पडला, तो एका प्रकाशन संस्थेतल्या दुसऱ्या नोकरीवर जाण्यासाठी. आपल्याकडे कवी सतीश काळसेकरांनीही वर्षानुवर्षं बँकेत नोकरी करत कविता लिहिली, लघुनियतकालिकांची चळवळ सांभाळली. या मंडळींच्या ओळखीत कुणी ‘नोकरी असूनही’ म्हणत नाही. नोकरी होती म्हणून, असं म्हणायला हरकत नसावी.

शिवाय नोकरीने मला माणसं दिली. मृत खातेदाराच्या पैशांवर दावा सांगायला आलेले दोन भाऊ चार हजार रुपयांसाठी एकमेकांची कुळी काढतात. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आलेले आजोबा सही करता करता म्हणतात, ‘आहे बरं का मी अजून.’ लॉकर उघडायला आलेली बाई आतून काहीही न घेता डोळे पुसत बाहेर येते. बँकेत लागताना गुप्ततेची शपथ घ्यावी लागते आणि ती मी पाळली. एकाही खातेदाराची हकिगत माझ्या कादंबरीत नाही. पण पैशाजवळ आलं की माणसाचा आवाज कसा बदलतो, हे मला तिथे ऐकायला मिळालं आणि ते घरी बसून मिळालं नसतं.

तसाच दुसरा वर्ग लोकलच्या डब्यातला. लग्नानंतर आम्ही डोंबिवलीला राहायला आलो आणि शाखा फोर्टात. तासा-सव्वातासाचा प्रवास. पुढे अपंगांसाठी राखीव डबा मिळू लागला, तेव्हा मला पहिल्यांदा बसायला मिळालं आणि मांडीवर वही आली. तो डबा ज्यांनी आतून पाहिला नाही, त्यांना मुंबईचा एक भाग ठाऊक नाही, असं मी म्हणेन. त्यात दृष्टिहीन फेरीवाले असतात, कंगवे आणि किल्ल्यांच्या साखळ्या विकणारे. नाणं बोटांनी चाचपून उरलेले पैसे बिनचूक परत देतात. कर्करोगाचे रुग्ण असतात, टाटा रुग्णालयात जाण्यासाठी परळला किंवा दादरला उतरणारे, मांडीवर फाईल आणि एक्स-रेचं मोठं पाकीट. गरोदर बायका असतात. आणि हातपाय धड असलेले, नजर चुकवून घुसलेलेही असतात. त्यांच्याशी रोज भांडण. या डब्यात कुणी कुणाला जिद्दीबद्दल विचारत नाही. ‘तुमचं काय?’ असं विचारतात, आपण ‘पोलिओ’ म्हणतो, ते ‘अपघात’ म्हणतात, आणि विषय कांद्याच्या भावावर जातो. मला वाटतं, माझ्या कादंबऱ्यांतले संवाद जर कुणाला खरे वाटले असतील, तर त्याचं श्रेय या डब्याला आहे.

आता घर. इथे हिशेब अवघड होतो, कारण यात दुसऱ्यांची नावं जमेला आहेत आणि दुसऱ्यांच्याच नावे खर्चही पडला आहे.

सगळ्यात आधी पोळ्या करायला येणाऱ्या मावशी. सकाळी सहाला येत. पाठोपाठ दुपारचं धुणं-भांडी करणाऱ्या दुसऱ्या बाई. पहाटे साडेचार ते सहा या दीड तासात मी लिहीत असे आणि सहाला मावशींनी कणीक मळायला घेतली की आणखी पाऊण तास मिळे. माझ्या चार कादंबऱ्या या पाऊण तासांच्या आहेत. तो पाऊण तास मी पगारातून विकत घेतला आणि मावशींनी तो स्वतःच्या घरातल्या पोळ्या मागे ठेवून मला विकला. त्यांना दोन लेकरं होती. त्यांना कुणी कधी कार्यक्रमात बोलावून ‘संसार असूनही’ म्हणालं नाही. माझ्या लेखनाचा कुणी सत्कार करतो, तेव्हा शेजारी एक खुर्ची त्यांच्यासाठी असायला हवी होती, असं मला नेहमी वाटतं.

मग माझे यजमान. ते शाळेत शिक्षक होते, साडेचारला घरी येत. मुलांचे अभ्यास, शाळेतल्या पालकसभा, दवाखाने, सायकलमागे धावणं हे सगळं त्यांनी केलं. पस्तीस वर्षांपूर्वीच्या डोंबिवलीत एखादा बाप्या भाजी निवडतो याची चर्चा दोन मजले खाली ऐकू येई. गंमत अशी, की तेच काम मी केलं असतं तर ते कुणाच्या लक्षात आलं नसतं आणि त्यांनी केलं म्हणून ते ‘देवमाणूस’ झाले. त्यांना हा शब्द आवडत नसे. ‘घर माझंही आहे’ एवढंच ते म्हणत. अपंग बाईशी लग्न करणारा पुरुष थोर आणि अपंग नवऱ्याचं सगळं करणारी बाई मात्र आपलं कर्तव्य करणारी, असे दोन दर आपण लावले आहेत. ते एकदा तपासून पाहायला हवेत.

आणि मुलं. मला धावता येत नाही, त्यामुळे रस्त्यावर सुटलेल्या मुलामागे धावणं शक्य नव्हतं. माझा आवाज हाच माझा पाय. ‘थांब’ म्हटलं की जागच्या जागी थांबायचं, हे दोघंही तीन वर्षांची व्हायच्या आत शिकली. माझी मुलगी नऊ वर्षांची असताना पाण्याची कळशी भरून ठेवत असे. ती शहाणी आहे असं शेजारणी म्हणत. ती शहाणी होतीच, पण अपंग आईची मुलं लवकर शहाणी होतात, त्यात थोडं बालपण वजा होतं. आम्ही दोघांनी ते जमेल तेवढं भरून दिलं. सगळं देता आलं, असं मी म्हणणार नाही.

लेखकाच्या घरी आणखी एक वजाबाकी असते, तिच्याविषयी आपण क्वचित बोलतो. घरातलं भांडण, आजारपण, मुलीने दार आपटून खोलीत जाणं, हे सगळं लेखकाला कच्चा माल दिसतं. मुलगी पंधरा वर्षांची झाली तेव्हा तिने एक दिवस शांतपणे विचारलं, ‘आई, यातलं किती पुस्तकात जाणार आहे?’ तेव्हापासून आमच्यात करार झाला. घरातल्या कुणावरून काही आलं असेल, तर छापण्याआधी त्या माणसाने वाचायचं, आणि तो नको म्हणाला तर ते काढायचं. चौथ्या कादंबरीतली दोन पानं तिने पेन्सिलीने खोडली. आईचा कॅलिपर लपवून ठेवणारी एक मुलगी त्यात होती. ती दोन पानं त्या कादंबरीतली सर्वांत चांगली होती, असं मला आजही वाटतं. तरी ती छापली नाहीत. कला मोठी की घर मोठं, असा वाद आपल्याकडे परिसंवादांत रंगतो. माझं उत्तर साधं आहे. कादंबरीला दुसरी दोन पानं मिळतात. मुलीचा विश्वास एकदा गेला की तो दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करता येत नाही.

मला प्रकाशक आणि संपादक नेहमी एक गोष्ट मागत आले, ती म्हणजे आत्मचरित्र. अपंग माणसाने लिहावं तर आपली कहाणी लिहावी, अशी एक अपेक्षा असते. नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे फार मोलाचं पुस्तक आहे. त्यांनी 1984 मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली, त्यामागची माणसं आणि कष्ट त्यातून कळतात. पण एकीने ते लिहिलं म्हणून प्रत्येकीने तेच लिहावं, असं कुठे आहे? सोनाली नवांगुळ चाकाच्या खुर्चीवरून वावरतात. त्यांना 2020 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, तो तामिळ लेखिका सलमा यांच्या कादंबरीच्या अनुवादासाठी, ‘मध्यरात्रीनंतरचे तास’साठी. मुस्लिम घरांतल्या बायकांची ती गोष्ट आहे, खुर्चीची नाही. आणि मूळ लेखिकेचंही पाहा. सलमा यांनी सांगितलं आहे, की सासरी लेखनाला विरोध होता, म्हणून रात्री न्हाणीघरात लपून त्या लिहीत. त्यांचे पाय धड होते. बाईच्या लेखनाला अडवणारा जिना दर वेळी दगडाचाच असतो असं नाही.

कथा-कादंबऱ्यांतली अपंग माणसं हा तर वेगळ्या लेखाचा विषय. आपली मंथरा कुबडी, कारण ती दुष्ट. दूरदर्शनच्या 1988 च्या ‘महाभारत’ मालिकेतला शकुनी लंगडत चालतो, कारण तो कपटी. नाहीतर मग दुसरं टोक: सोशिक, निर्मळ, देवाघरच्या फुलासारखी अपंग बहीण, जिच्यासाठी नायक त्याग करतो. मी पाचव्या कादंबरीत पहिल्यांदा एक अपंग बाई आणली. ती पैशाला चिकट, जिभेने तिखट आणि दिराच्या सुखावर जळणारी होती. ‘तुम्ही स्वतः अपंग असून असं कसं लिहिलंत?’ अशी पत्रं आली. मला त्या पत्रांचा आनंद झाला. माणसाइतकं वाईट असण्याचा हक्क त्या बाईला मिळाला होता.

गेल्या काही वर्षांत ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ आलं. शब्दामागची भावना मी समजू शकते. पण मला अपंग म्हटलेलं चालतं, जिना तेवढा नको. सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता याव्यात असं 2016 चा कायदा सांगतो. आपली कितीतरी ग्रंथालयं, सभागृहं, साहित्य संस्थांची कार्यालयं मात्र अजून पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय. मागे एका गावी पुरस्कार घ्यायला गेले होते. व्यासपीठाला सात पायऱ्या, कठडा नाही. संयोजक म्हणाले, ‘काळजी नको, चार कार्यकर्ते तुम्हाला खुर्चीसकट उचलतील.’ मी म्हटलं, ‘मला उचलू नका, पाहुण्यांना खाली बोलवा.’ पाहुणे खाली आले, पुरस्कार दिला, आणि सूत्रसंचालकांनी त्यावरही माझ्या जिद्दीला टाळ्या मागितल्या! एका लाकडी उताराची किंमत त्या दिवशीच्या पुष्पगुच्छांहून फार जास्त नसावी. कौतुक फुकट असतं, उताराला पैसे पडतात. म्हणून कौतुक भरपूर मिळतं.

विदर्भातले संत गुलाबराव महाराज नऊ महिन्यांचे असताना दृष्टी गेली. 1915 मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते गेले, तोवर त्यांच्या नावावर शंभरावर ग्रंथ होते. त्यांना आपण प्रज्ञाचक्षू म्हणतो, आणि ते होतेच. पण ग्रंथ वाचून दाखवणारी कुणीतरी माणसं होती, सांगितलेलं उतरवून घेणारे हात होते. ती नावं आपल्याला सहसा ठाऊक नसतात. व्यासांनाही लेखनिक लागला आणि तोही साक्षात गणपती. अर्थ न समजता एक अक्षरही लिहायचं नाही, अशी अट व्यासांनी त्याला घातली होती म्हणे. माझे खांदे कुबडीने झिजले, हाताने फार वेळ लिहवत नाही, म्हणून आता मी मोबाइलला सांगते आणि तो टाइप करतो. त्याला ती अट कळत नाही. परवा ‘सासूबाई’चं त्याने ‘साखरबाई’ केलं. पण वर्षाला दीडशे पानं होतात, आणि ती करताना मी दमत नाही.

तर त्या मुलीच्या आईवडिलांना मी जे उत्तर लिहिते, ते इथे सगळ्यांसाठी लिहिते. तिला माझं उदाहरण रोज देऊ नका. तिला शिकवा, बारावीवर थांबवू नका. बँकेच्या, सरकारी नोकऱ्यांच्या परीक्षांचे अर्ज भरा. अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढून ठेवा. तिच्या एकटीच्या नावाचं खातं उघडा आणि त्यात तिची कमाई येऊ द्या. ती बाहेर जाईल, भांडेल, लोकलमध्ये धक्के खाईल, एखाद्या नको त्या माणसाच्या प्रेमातही पडेल. पडू द्या. त्याशिवाय ती लिहिणार कशावर? घरात तिच्या उंचीचं एक टेबल आणि दिवसाचा एक तास द्या, आणि त्या तासात तिला पाणी मागू नका. ती लिहिते ते विचारल्याशिवाय वाचू नका. आणि तिने यातलं काहीच लिहिलं नाही, नुसती नोकरी केली, संध्याकाळी दमून टीव्ही पाहिला, तरी तिचं काही चुकलं असं समजू नका. धडधाकट माणसांना आपण इतकी सूट देतोच ना?